हिर्डोशीच्या रस्त्यावरची लाल गाडी

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी प्राथमिक शाळेतला मास्तर. पोराला ताप आला की आई अंगारा लावते, आणि मी तिला दवाखान्याची वाट दाखवतो — त्यावरून गावात माझ्याबद्दल बरंच बोललं जातं. या सदरातले अनुभवही मी आजवर चहाबरोबर, हसत हसतच वाचले. आता माझाच लिहायला बसलोय, तेव्हा तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही.

माझा थोरला भाऊ, दादा, भोरमधल्या एका मानकऱ्यांच्या मोटारखान्यात ड्रायव्हर होता. संस्थान विलीन झालं, मानकरी पुण्याला राहायला गेले, मोटारखान्याला कुलूप लागलं आणि दादा घरी बसला. बसला म्हणजे अक्षरशः बसला... ओट्यावर, भिंतीला पाठ टेकून, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. वाढलं की जेवायचा, विचारलं की 'हं' म्हणायचा. वहिनी त्याला हसवायला जायची तर तिच्याकडे परक्यासारखा बघायचा. घरात चालताबोलता माणूस असून नसल्यासारखा झाला होता.

अशात निरोप आला की मानकरी लाल गाडी विकताहेत. धाकट्या मालकांनी हौसेनं आणलेली विलायती स्पोर्ट्स मोटार. दोनच सीटा, डोक्यावर छप्पर नाही, पोट जमिनीला टेकलेलं. वापरली थोडी आणि पुसली जास्त, आणि पुसणारा दादाच. निरोप ऐकला आणि दादा ओट्यावरून उठला. "घ्यायची," म्हणाला.

त्या संध्याकाळी आमच्या घरात जी चर्चा झाली तशी तालुक्याच्या कचेरीतसुद्धा कधी झाली नसेल. विरोधी पक्ष मी एकटाच.

"छप्पर नाही. आमच्याकडचा पाऊस माहीत आहे ना? आंघोळ करत गाडी चालवणार?"

"पावसाळ्यात झाकून ठेवायची."

"पेट्रोल हमरस्त्याला जाऊन डब्यानं आणावं लागेल. पार्ट मोडला तर तो विलायतेत."

"मी घडवीन. या हातांनी अख्खं इंजिन उतरवलंय तिचं."

"बरं, भाड्यानं चालवायची म्हणशील, तर बसणार किती? एक! आपल्याकडे दवाखान्यात जायचं तर आजारी माणसाबरोबर चारजण निघतात. त्यांना काय बॉनेटवर बसवणार?"

यावर दादा हसला. कितीतरी महिन्यांनी हसला. मग हळूच म्हणाला, "गुरुजी, तिचा आवाज ऐकलायस का तू? चढाला लागली की गातेय असं वाटतं. फायदा एवढाच. बाकी सगळे तोटेच आहेत."

वहिनी चुलीपाशी होती. तिनं त्याचं हसणं पाहिलं होतं.

निदान चालवून तर बघू, असं ठरलं. मोटारखान्यात गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती, चाकं काढून भिंतीला लावलेली, वर ताडपत्री. आम्ही सकाळी चाकं चढवली, उसनी बॅटरी जोडली. त्या गडबडीत माझ्या हातून पाना निसटला आणि डाव्या दिव्याची काच फुटली. दादा मला काय काय बोलला ते इथं लिहिण्याजोगं नाही. दुपारी एकदाची गाडी सुरू झाली. मी शेजारी बसलो आणि आम्ही निगुडघरवरून हिर्डोशीच्या रस्त्याला लागलो. खोटं कशाला बोलू, चढाला ती खरंच गायली.

हिर्डोशीकडच्या त्या डोंगराळ रस्त्याची एक रीत आहे. वर घाटाकडे जाणाऱ्याला 'कुठं?' म्हणून विचारायचं, आणि उतरताना दिसला की 'आलात का?' म्हणायचं. जाणाऱ्यानं 'येतो' म्हणायचं, 'जातो' म्हणायचं नाही. आणि वर गेलेलं माणूस अंधार पडला तरी उतरलं नाही, तर गाव टेंभे पेटवून त्याला हुडकायला निघतं. मग तो ओळखीचा असो, नसो.

हिर्डोशीत आबा म्हणून एक म्हातारे शेतकरी आहेत. गाडी दिसताच ते भाताच्या खाचरातून धावत आले आणि बॉनेटवर हात आपटून उभे राहिले.

"आरं, उतरलात कवा तुमी? परवाच्याला वर गेलात, त्ये कवा उतरलात?"

दादा म्हणाला, "आबा, आत्ता भोरवरनं येतोय. पहिल्यांदाच."

"मला येडा समजता व्हय? परवा हितनंच गेलात की, एकलेच. म्या इचारलं, कुठं? तर नुसता हात केलात, येतो बी म्हणला न्हाई. दिस मावळला तरी पत्त्या न्हाई. सारं गाव टेंभं घिऊन हिंडलं. दऱ्या धुंडाळल्या. पोरांचं पाय फुटलं काट्यांनी!"

"दुसरी गाडी असेल, आबा," मी म्हणालो. "ही तर ठोकळ्यांवर होती, चाकंसुद्धा नव्हती."

आबांनी वाकून पाहिलं आणि डाव्या दिव्यावर बोट ठेवलं. "हीच. ह्याला काच न्हाई, त्ये परवाबी न्हवती."

ती काच मी त्याच सकाळी फोडली होती. तोवर आणखी दोघं-तिघं जमले, आणि सगळ्यांचं तेच म्हणणं... जाताना बघितली, येताना न्हाई.

घरी आल्यावर मी सरळ सांगितलं, ही गाडी नको. पहिल्यांदाच माझ्याकडे सांगता येईल असं कारण नव्हतं. दादानं थट्टा केली, "काय रे, मास्तर ना तू? तोट्यांत हेही धर मग. गाडी निघण्याआधीच गावकऱ्यांना दिसते!" पण वहिनीनं मला बाजूला घेतलं.

"भावजी, घेऊ द्या त्यांना. तुम्ही म्हणता ते पटतंय मला. पण आज हे घरात आल्यावर मला हाक मारली त्यांनी. नावानं."

गाडी घेतली. मागचा गोठा रिकामा करून तिला जागा केली. पुढचे काही महिने आमच्या घरात सुख होतं. दादा वहिनीला शेजारी बसवून मार्गासनीला तिच्या माहेरी घेऊन गेला. ती पदर तोंडाशी धरून बसलेली, आणि पोरं मागं धावताहेत.

थंडीचे दिवस होते, भोरचा बाजार होता. इंजिनात काहीतरी खटखट ऐकू येतेय, घाट चढवून बघतो, असं दादा म्हणाला. मी गाडीला धक्का दिला. वहिनी दारातून ओरडली, "येतो म्हणा की!" इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसावं. त्यानं नुसता हात केला आणि वळणावरून गेला.

तो संध्याकाळी आला नाही. बिघाड झाला असेल, तिकडेच मुक्काम केला असेल, अशी आम्ही समजूत घालून घेतली. वर काही वाईट झालं असतं तर टेंभे निघाले असते, निरोप आला असता, ही खात्री होती. सकाळी मी सायकल काढली.

बाजाराच्या दिवशी तो रस्ता माणसांनी भरलेला असतो. त्यातल्या एकानंही लाल गाडी पाहिली नव्हती. निगुडघरात नाही, हिर्डोशीत नाही. आबा तर दिवसभर रस्त्याकडेच्या खळ्यावर नाचणी मळत होते.

"न्हाई गुरुजी. काल कोण बी गेलं न्हाई. मागं गेलं व्हतं तेवढंच."

"मग शोधायला—"

"कुणाला शोधायचं? वर गेलेला दिसलाच न्हाई तर गाव कशापाई निघंल?" आणि मग माझ्या तोंडाकडे बघत म्हाताऱ्यानं डोक्याचं मुंडासं उतरवलं. "आन् शोधलं तर व्हतं की आमी. मागंच शोधलं व्हतं..."

पोलीस आले. गावानं पुन्हा सगळ्या दऱ्या पालथ्या घातल्या, दोर लावून खाली उतरले. पत्र्याचा तुकडा नाही, तेलाचा डाग नाही. घाटाखाली कोकणात विचारलं, तिथं कुणी पाहिलं नव्हतं. अख्खी लाल गाडी कुठं गेली?

वहिनीनं तेव्हापासून एक धरलं. त्या बाजूनं येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारायची, "येताना बघितली का हो?" बाजारच्या दिवशी रस्त्याकडेला बसून विचारायची. लोक आधी हळहळले, मग टाळायला लागले.

गेल्या वर्षी हिर्डोशीच्या वरच्या धनगरवाड्यातली एक म्हातारी तूप विकायला आली होती. वहिनीनं तिलाही विचारलं. म्हातारी म्हणाली, "बघितली की."

मी हातातलं सगळं टाकून उठलो. "कधी?"

"लई वर्सं झाली. गाव टेंभं घिऊन हिंडलं न्हवं? त्याच्या दुसऱ्या दिशी, फाटंला. आमी शेरडं घिऊन पल्याडच्या डोंगराला निघालो व्हतो. लाल गाडी घाटातनं उतरत व्हती. दाढी पांढरी, डोस्कं पांढरं, पर मानूस ह्योच." तिनं भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "म्या म्हणलं, आलात का? तर म्हणलं, आलो."

"आलो म्हणाले?" वहिनी म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

पण ती माझ्याहून हुशार आहे. म्हातारी गेल्यावर ती उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "भावजी, जाणं आधीच दिसून गेलं होतं, म्हणून गेले तेव्हा कुणाला दिसले नाहीत. तसं येणंही दिसून गेलंय ना आता?"

मी गणितं शिकवतो. तिचं चुकलंय असं मला म्हणता आलं नाही. तो आलाच, तर म्हातारपणी येईल, आणि आम्हाला दिसणार नाही.

मी पोलिसांना विचारलं, दोन डॉक्टरांना विचारलं, शेवटी देवळातल्या गुरवालासुद्धा विचारलं. मी, ज्यानं पोरांचे अंगारे पुसले! याचा अर्थ कुणालाच लावता आला नाही, आणि माझी तर मतीच चालत नाही.

वहिनी आता रस्त्याकडेला बसत नाही, कुणाला काही विचारतही नाही. फक्त मागच्या गोठ्याचं दार लावायचं तिनं सोडलंय. परवा वाऱ्यानं ते आपटत होतं म्हणून मी कडी लावायला गेलो, तर तिनं माझा हात धरला.

"राहू द्या, भावजी. दिसणार नाहीत तर नाहीत. पण गाडी आत यायला जागा नको का?"