चंद्राच्या ओट्याचा अर्ज

चंद्राला वाचायला मी शिकवलं. निदान मी तसं चारचौघांत सांगत असे.

चंद्रा शेजारच्या बोनकोडे गावची. आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीबाहेर फुटपाथवर मासळी विकायची. अतिक्रमणवाल्यांची गाडी दिसली की टोपली डोक्यावर आणि बाई गल्लीत! एकदा मात्र टोपलीसकट सगळा माल गेला, तेव्हा ती सरळ माझ्या दारात.

"ताई, नव्या मार्केटमदी ओटे देनार हायेत. अर्ज सोता भरायचा हाय. मना शिकवा."

मी तेव्हा कोवळी होते. त्रेसष्ट वर्षांची. एम. ए., निवृत्त मुख्याध्यापिका, अंगात समाजकार्य संचारलेलं! पहिल्याच दिवशी मी फळा टांगला, हजेरीपट आखला (विद्यार्थिनी एक!) आणि भलंमोठं 'कमळ' लिहिलं.

"कमळ कोन इकत घेतंय?" चंद्रा म्हणाली. "पापलेट लिवा."

पापलेटापासून जी सुटली ती थांबेचना. पहाटे बंदरावर जाणारी बाई, दुपारी माल संपला की पदराला हात पुसत माझ्या जेवणाच्या टेबलाशी हजर. आठ महिन्यांत तिनं लिफ्टमधल्या सूचना वाचल्या, तेलाच्या पिशव्या वाचल्या, आणि एक दिवस ह्यांची खोकल्याची बाटली उचलून म्हणाली, "काका, ह्याची तारीख दिवाळीलाच गेली!" ह्यांनी त्या दिवसापासून माझ्या हातून औषध घेणं बंद केलं.

अर्जाचा शेवटचा दिवस उजाडला. मी तिला घेऊन वॉर्ड ऑफिसात गेले. टेबलावर अर्जांचे दोन गठ्ठे. मी ऐटीत वरचा एक उचलला.

"आना तो, मी भरते," चंद्रा म्हणाली.

"अगं, एक वाजता खिडकी बंद होते! तू अक्षर अक्षर लावत बसशील. मी सांगते तिथे फक्त सही कर."

मथळा? मुख्याध्यापिका मथळे वाचत नसतात! नाव – चंद्रा. वय – बेचाळीस. रंग – गव्हाळ. (ओळखपत्रासाठी असेल.) लसीकरण – दोन्ही डोस पूर्ण. स्वभाव – शांत. अनोळखी व्यक्तीच्या अंगावर जाते का? (गिऱ्हाइकांशी वागणूक! किती बारीक विचार करतात हे लोक!) – कधीच नाही.

"हं, कर सही."

"वाचल्याबिगर नाय. तुमीच शिकवलंय."

मागे रांग, समोर घड्याळ, आणि ही शांतपणे बोट फिरवत्येय! "मावशी, घर बांधायला घेतलंय का इथं?" मागून कोणीतरी ओरडलं. मी शरमेनं अर्धी झाले. चंद्रा पहिल्या ओळीवर थांबली. मग शेवटची वाचली. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"ताई, ह्यो कुत्रा पालायचा परवाना हाय."

सगळी रांग माना उंचावून बघायला लागली!

"आनि कुत्रा," चंद्रा म्हणाली, "मी हाय."

आता ही मला सोडत नाही, असं वाटून मी डोळे मिटले. उघडले तेव्हा बाई पोट धरून हसत होती. "बेचाळीस वर्साचा कुत्रा! नि दोन्ही डोस!" मग डोळे पुसून तिनं दुसरा गठ्ठा गाठला, मथळा मोठ्यानं वाचला, आणि खाली बसून पाच पानं स्वतःच्या हातानं भरली. माझ्याकडे फक्त पिशवी धरायला दिली होती. एकला पाच कमी असताना अर्ज खिडकीत!

(ओटा मिळाला. आता तिच्याकडे दोघीजणी कामाला आहेत, आणि मार्केटातल्या बाकीच्या बाया आपली कागदपत्रं तिच्याकडून वाचून घेतात. माझ्याकडे कोणी फिरकत नाही.)

पण त्या दिवशी खिडकीतल्या साहेबांनी अर्ज उलटून पाहिला. "साक्षीदाराची सही राहिली."

"ह्या करतील," चंद्रानं मला पुढे ढकललं.

साहेबांनी सगळा तमाशा बघितला होता. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "यांना वाचता येतं ना?"

"येतं तर!" चंद्रा म्हणाली. "पन सवय गेलीय."