भाऊंनी अक्काला शनी दाखवला

"दम खाऊ द्या तिला, म्याडम. आत्ता कुठे बाहेर आलीय."

'तिला' म्हणजे दुर्बिणीला. संध्याकाळी गच्चीवर दुर्बीण मांडून झाली, की भाऊ शेजारी पालथ्या बादलीवर बसायचे आणि अर्धा तास कोणालाही डोळा लावू द्यायचे नाहीत. दिवसभर तापलेल्या खोलीतून आलेली नळी. आतली हवा आणि बाहेरची हवा सारखी होईपर्यंत चित्र थरथरतं, हे खरंच. मी भौतिकशास्त्राची प्राध्यापक, मला हे पाठ होतं. पण धीर कुठला? पाच तास घशाला कोरड पडेस्तोवर शिकवायचं, तीन जिने चढायचे आणि वर येऊन नुसतं बसायचं! मी चिडायचे. भाऊ गुडघ्यांवर हात ठेवून म्हणायचे, "तुम्हीपण खा की दम. कोन नको म्हनतंय?"

धुळ्यातल्या देवपूरच्या आमच्या कॉलेजात भाऊ प्रयोगशाळा परिचर होते. नाव लिहीत नाही. प्राचार्यांपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे त्यांना भाऊच म्हणायचे. मूळचे जामनेर तालुक्यातल्या पहूरचे. धुळ्यात जिकडेतिकडे अहिराणी, 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठं', पण तीस वर्षांत ते भाऊंच्या तोंडी बसलं नाही. एरवी कॉलेजातली मराठी, आणि चिडले की पहूरचं 'मले-तुले'. असा माणूस तुम्हीही कुठल्या ना कुठल्या ऑफिसात पाहिला असेल. पद सगळ्यांत खालचं, आणि त्याच्यावाचून एक कुलूप उघडत नाही.

दुर्बीण जुनी होती. पुढे तीन इंची भिंग, लांब पांढरी नळी, सागवानी तिपाई. गच्चीवर भाऊंनी लाल रंगाचे तीन ठिपके काढून ठेवले होते. तिपाईचे पाय बरोबर त्यांवरच यायचे. मग गवंड्याची पाणसळ ठेवून बुडबुडा मध्ये आणायचा. मग उजेड आहे तोवर पांझरा नदीपलीकडची पाण्याची टाकी मोठ्या नळीत धरायची, आणि वर बसवलेल्या छोट्या नळीतही तीच टाकी मधोमध येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. "दोन्ही डोळ्यांनी एकच टाकी दिसली पाहिजे," ते म्हणायचे. "नाहीतर मग रात्रभर आभाळ उसवत बसा."

भिंगाला हात लावायची कोणालाच परवानगी नव्हती, मलाही नाही. धूळ उडवायला कानात पाणी मारायचा रबरी फुगा, तोही तोंडाला रुमाल बांधून. पावसाळ्यात काचेला बुरशी धरू नये म्हणून पेटीत ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या. दाणे गुलाबी पडले की भाऊ ते स्टाफरूमच्या शेगडीवर तव्यात भाजून पुन्हा निळे करायचे. त्या तव्यावर नंतर कोणी पापड भाजू नये म्हणून त्याला तार बांधून ठेवली होती. "पुसत जाऊ नका हो," नव्या शिक्षकांना त्यांचं सांगणं असे. "धूळ पाहुणी आहे, जाईल. ओरखडा म्हणजे घरजावई."

कॉलेजात आकाशदर्शन ठेवलं की आसपासच्या गल्ल्यांतली माणसं यायची. चंद्र पाहून एक दूधवाला ओरडला होता, "माय वं, बठ्ठा खड्डाच शेतस!" भाऊ गालात हसले. पण शनी लावला, की रांगेतली निम्मी बायामाणसं मागे सरकायची. शनीची दृष्टी वाईट, त्याच्याकडे आपणहून कशाला बघा? काही जण पाहायचे आणि घाईने कानाला हात लावायचे. मला राग यायचा, कपाळावर हात मारून घ्यायचे. भाऊ मात्र शनीला भिणाऱ्यांना कधी हसले नाहीत. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं.

कारण होतं पहूरला. त्यांची अक्का. आई लवकर गेली, या मोठ्या बहिणीनेच भाऊंना वाढवलं. लग्नानंतर सहा वर्षांत तिचा नवरा गेला, पुढे एकुलती एक मुलगी तापाने गेली. कोणीतरी साडेसाती सांगितली. साडेसाती साडेसात वर्षांची असते म्हणतात. अक्काची चाळीस वर्षं चालली होती. दर शनिवारी उपास, तेल, रुईच्या पानांची माळ. दिवेलागणीनंतर ती अंगणातसुद्धा वर मान करायची नाही. "म्याडम," भाऊ एकदा म्हणाले, "चाळीस वर्षांत बाईने आभाळ पाहिलं नाही. मी गावभर लोकांना शनी दाखवतो आणि माझी बहीण पदराखाली. तिला एकदा दाखवायचाय. एकदाच."

तिला ते गळ घालत होते कितीतरी वर्षं. शेवटी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ती धुळ्याला यायची ठरली, आणि भाऊंनी फोनवर तिच्याकडून कबूल करून घेतलं: डोळा बरा झाला की पाहीन. दिवाळीनंतर. त्या दिवशी भाऊंनी अख्ख्या विभागाला पेढे वाटले.

आणि मग मी काय केलं ते ऐका.

खंडेनवमीला आमच्याकडे उपकरणांची पूजा होते. दरवर्षी भाऊ करायचे. हळदकुंकू दुर्बिणीच्या पेटीला, दुर्बिणीला नाही. त्या वर्षी ते पहूरला होते, कापूस वेचणीला. म्हटलं, आपण करू. पेटी उघडली, नळी टेबलावर ठेवली. देवाचं तोंड कधी झाकून पूजतात का, या हिशेबाने पुढचं झाकणही काढलं. ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि नळीच्या कडेला टेकवताना थेंब काचेवर ओघळला. घाबरले. आणि घाबरून, मी, भौतिकशास्त्राची प्राध्यापक, ते भिंग साडीच्या पदराने पुसलं. जरीच्या पदराने!

भाऊ परत आले. भिंग ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं. नखाएवढा ओरखडा, चंद्रकोरीसारखा.

"पुसलं?"

"हो."

ते स्टुलावर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "अक्का पुढच्या महिन्यात येतेय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी नवं भिंग मागवू म्हटलं. तसलं भिंग आता कोणी करत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

पुढचे आठ दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. नवव्या दिवशी चित्रकलेची काळी शाई आणि एकच केस ठेवलेला कुंचला घेऊन आले, आणि तोंडाला रुमाल बांधून तो ओरखडा शाईने भरून टाकला. ओरखड्यावर उजेड विखुरतो आणि चित्र फिकं पडतं. काळा केला की तेवढा भाग नुसता मुका होतो. हे त्यांना कोणी शिकवलं होतं देव जाणे. मी नव्हतं शिकवलं, एवढं नक्की.

अक्का गच्चीवर आली तेव्हा ऑपरेशनला महिना झाला होता. लहानखुरी, काटक बाई, हातात भावाचा हात. गच्चीवर अंधार पडत होता. दुर्बिणीने दम खाल्ला, भाऊंनी नळी वळवली, खुर्ची बसक्या उंचीची लावली. आणि अक्का पदर डोळ्यांवर ओढून उभी.

"नको रे भाऊ. नजर पडीन त्याची."

"मी वीस वर्सं पाह्यतो त्याले. मले काय झालं?"

"तुले नाही, पन..."

"मंग माह्यावर पडू दे. बस."

ती बसली. डोळा लावला. भाऊ तिच्या मागे उभे राहून स्क्रू हळूहळू फिरवत होते, शनी सरकून जाऊ नये म्हणून. मी कठड्याला धरून उभी होते. त्या काचेतून तिला काहीच दिसलं नाही तर? जन्मात एकदा वर पाहणार, तेही माझ्या पदराने पुसलेल्या काचेतून.

"एवढुसा?" अक्का म्हणाली.

"हो."

"अन् हे कडं?"

"त्याचंच हाय."

ती बराच वेळ पाहत राहिली. "यालेच मी चाळीस वर्सं तेल वाह्यलं?" मग हसली, बोळकं उघडून, लहान मुलीसारखी. आणि डोळा न काढताच म्हणाली, "एकलाच हाय रे तो. बिचारा." भाऊ तिपाईपाशी वाकले आणि घट्ट असलेला स्क्रू पुन्हा घट्ट करू लागले. बराच वेळ ते उठले नाहीत. मीही तिकडे पाहिलं नाही, मला माझंच आवरत नव्हतं.

त्यानंतर अक्काने शनिवार सोडला. भाऊ निवृत्त होऊन पहूरला राहायला गेले, आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात एका सकाळी, दात घासताना, ओट्यावरच गेले. छातीत कळ आली, बस. मला निरोप चार दिवसांनी मिळाला.

मी भेटायला गेले. जळगावहून पुढची बस, ऊन मी म्हणत होतं. गुडघे दुखत होते आणि कशाचाच कंटाळा आला होता, अगदी दुःखाचासुद्धा. अक्का ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. शेजारची एक बाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "शनीसंग तोंडाले तोंड दिलं. मंग दुसरं काय व्हईन?"

'माह्यावर पडू दे' हे शब्द मी कानांनी ऐकले होते. वाटलं, आता अक्का मान डोलावणार, आणि भाऊंनी एवढ्या वर्षांत मिळवलं ते सगळं मातीत जाणार.

"उगी राह्य," अक्का तिला म्हणाली. "म्या पाह्यला त्याले. तो एवढुसा, कुठल्या कुठे. तो काय मारीन माह्या भावाले?"

ती बाई उठून गेली. मला हायसं वाटलं. भाऊंना सांगावंसं वाटलं की बघा, टिकलं. मी अक्काचा हात हातात घेतला. ती समोरच्या रस्त्याकडे बघत होती.

"पन म्याडम, पह्यले बरं होतं," ती म्हणाली. "मालक गेले, शनीवर ढकललं. पोरगी गेली, शनीवर ढकललं. चार शिव्या दिल्या, तेल वाह्यलं, झालं. आता भाऊ गेला, तं हे मी कोनावर ढकलू, माय?"

तीस वर्षं मी मुलांना हेच शिकवत आले, की कशामुळे काय होतं. त्या ओट्यावर मात्र मी तिचा हात न सोडता तिच्या शेजारी भिंतीला टेकले, आणि भाऊ सांगायचे तसा दम खात बसले.