मामाची लाकडी मशीनगन

माझ्या मामाला सरकारने एका लाकडी बंदुकीसाठी नऊ दिवस कोठडीत ठेवलं. ज्यांच्या हातात खऱ्या बंदुका होत्या आणि ज्यांनी त्या आमच्या चाळीवर चालवल्या, त्यांना कोणी नऊ मिनिटंही उभं करून काही विचारलं नाही. माझा राग अजून उतरलेला नाही. उतरावा अशी माझी इच्छाही नाही. पण मामा सुटला तो कसा, आणि त्यासाठी मी कशावर सही केली, हे मी आजवर कुठल्याही पत्रकात छापलेलं नाही.

मामा लालबागच्या एका मिलमध्ये, सुतारखात्यात. मी शिकायला म्हणून कोकणातून त्याच्याकडे आलो आणि शिकण्यापेक्षा पत्रकंच जास्त वाचली. मामाला मात्र वाचनाचा नाद नव्हता, त्याला नाद होता बंदुकांचा. गिरगावच्या बाजूला अमेरिकन गुंडांचं चित्र लागलं की पाळी सुटल्यावर अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, लग्नाला जावं तसा तो जायचा. इंग्रजीचा शब्द कळत नसे. गोष्टीशी त्याला देणंघेणं नव्हतं. पुढच्या बाकावर बसून तो अंधारात सिगारेटच्या पाकिटावर पेन्सिलीने काहीतरी गिरबटायचा, आणि घरी आल्यावर मामीसमोर ते पाकीट उलगडायचा.

"सहा गोळ्यांचं पिस्तूल, आणि अकरा बार काढले मेल्याने. मोजले मी."

"मग?" मामी भाकरी थापत विचारायची.

"मग काय? लबाडी आहे ती."

"गुंड लबाडी करणारच. तुम्ही पैसे देऊन बघायला का जाता?"

त्याची सगळ्यात आवडती होती ती गोल डब्याची मशीनगन. नळीवर कंगोरे, पुढे धरायला मूठ आणि पोटाखाली लाडवांच्या डब्यासारखा गोल डबा. पडद्यावरचे गुंड ती एका हाताने, कमरेवरून चालवायचे. मामा म्हणायचा, डबा भरलेला असेल तर एवढं वजन एका हाताने पेलणारच नाही, त्या डब्यात काही नसतं. फिडलच्या पेटीतून ते ती लपवून नेतात याचं त्याला फार कौतुक. आणि शेवट नेहमी एकच असतो हेही त्याने ओळखलं होतं: गुंड कितीही मोठा असो, शेवटी तो मरतो आणि पोलीस जिंकतात. "त्यांच्या सरकारची अटच असणार," तो म्हणायचा. "त्याशिवाय दाखवू देत नसतील."

मग मुंबईसाठी लढा पेटला आणि बंदुका पडद्यावरून आमच्या रस्त्यावर आल्या.

त्या दिवशी दुपारी रस्त्यावर दगड पडले होते, हे मी नाकारत नाही. आम्ही गॅलरीत उभे होतो. पहिला बार झाला तेव्हा कोणी हललंही नाही. मामासुद्धा नाही. पडद्यावरची बंदूक गडगडते, घुमते, तिच्यामागे वाद्यं वाजतात. हा आवाज ओल्या लाकडावर फळी आपटावी तसा होता, कोरडा आणि तुटका. मामा म्हणाला, "फटाका असेल." एवढ्यात तिसऱ्या मजल्यावर किंकाळी झाली. वरच्या काकी, मिलच्या वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळणाऱ्या, दोरीवरचं लुगडं काढत होत्या. गोळी त्यांच्या उजव्या दंडातून गेली आणि मागच्या दाराच्या चौकटीत घुसली. पडद्यावर माणूस छाती धरतो, टोपी पडते, तो दोन वाक्यं बोलतो. काकी नुसत्या खाली बसल्या आणि "माझं लुगडं खराब झालं" म्हणाल्या.

सरकारने सांगितलं, गोळीबार हवेत झाला.

दुसऱ्या दिवशी मामा पट्टी आणि मिलमधली एक सरळ तार घेऊन वर गेला. भोक अडीच सूत रुंद निघालं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुताराचं माप. त्याने तार भोकात सरकवली, ती आत जिथे टेकली तिथे खूण केली, आणि मग तारेच्या रोखाने खाली बघायला मला बोलावलं. तार सरळ नाक्यावरच्या पानाच्या दुकानाकडे रोखलेली होती. तिथे कोण उभं होतं ते सगळ्या चाळीने पाहिलं होतं. मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. त्यात ते माप होतं, तारेची दिशा होती, आणि शेवटी एक ओळ होती: "सरकार म्हणतं हवेत मारलं. आमच्याकडे हवेत माणसं राहतात." ते पत्रक परळपासून माझगावच्या गोदीपर्यंत गेलं. त्याचा मला गर्व होता. आजही आहे.

पुढे चाळीच्या कलापथकासाठी मी एक छोटं नाटक लिहिलं. मुंबई गिळायला निघालेली गुंडांची टोळी, सगळे लांब कोट आणि तिरप्या टोप्या घातलेले. टोळीचा म्होरक्या ओरडतो, "हवेत मारा," आणि बंदूक गॅलरीकडे रोखतो. बंदूक अर्थात मामाने करायची. तीन आठवडे तो तिच्यात बुडाला होता. नळी मिलमधल्या जुन्या लाकडी रुळाची, कंगोरे लेथवर काढलेले, दस्ता जुन्या सागाचा, गोल डबा बिस्किटांचा. आत भंगारातलं दातेरी चाक आणि बांबूची पट्टी, मूठ फिरवली की कर्रर्र आवाज व्हायचा. वरून बूटपॉलिश आणि काळं शिसं. फिडलची पेटी आमच्याकडे नव्हती, म्हणून ती भजनी मंडळाच्या बाजाच्या पेटीतून रंगमंचावर यायची. भाते काढून मामाने आत जागा केली होती.

हँडबिल मी लिहिलं. चाळीतल्या नाटकाच्या हँडबिलात खाली "खास आकर्षण" लागतंच. तसा रिवाज आहे. पाळण्यातलं पोर असतं तिथे "बालनट" छापतात, दोन गॅसबत्त्या असतात तिथे "नेत्रदीपक रोषणाई". वाचणारालाही ते माहीत असतं. मी छापलं: "खास आकर्षण: खरी अमेरिकन मशीनगन!" छापखान्यातल्या जुळाऱ्याने "खरी"साठी जाड अक्षरांचे खिळे लावले, आणि मला ते आवडले.

प्रयोगाच्या आदल्या सकाळी पोलीस आले. इन्स्पेक्टरच्या हातात हँडबिल होतं. त्यांनी बाजाची पेटी उघडली आणि तो मनुष्य क्षणभर नुसता बघतच राहिला. मला वाटतं, त्यानेही ती चित्रं पाहिली असावीत. मग त्याने ती उचलली, आणि वजन कळल्यावर त्याचा चेहरा पडला.

"हे काय खेळणं आहे?"

हो म्हणायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं. पण मामा दुखावला.

"खेळणं नाही, साहेब. सोळा वेळा चित्र बघून केलीय. कंगोरे मोजून घ्या."

"बरं. ही लाकडी. खरी कुठे आहे?"

"खरी कसली?"

इन्स्पेक्टरने हँडबिल पुढे धरलं. "छापलंय इथे. खरी. ही दाखवायला, आणि खरी पेटीतून कुठे नेली ते तू चौकीत सांगशील."

मी म्हणालो, ते मी लिहिलं आहे, मला न्या. तो म्हणाला, "लिहिणारे पुष्कळ आहेत. करणारा हा एकच दिसतो."

त्यांनी चाळीचे नळ, माळे, मामीचा तांदळाचा डबासुद्धा उपसला. मिळालं काहीच नाही. मामा मात्र आत. आणि मिलमध्ये गैरहजेरी लांबली की नाव कटतं. जागेवर उभं राहायला बदली कामगार गेटवर रोज हजर असतो. खात्यातल्या मुकादमाने मामीला निरोप पाठवला: दहाव्या दिवसापर्यंत सांभाळतो, पुढे माझ्या हातात नाही. त्या दिवसापासून मामीने मला वाढताना माझ्याकडे बघणं सोडलं.

लढ्यातल्या मंडळींनी वकील दिला. त्याने मला समोर बसवलं. "पोलिसांपाशी एकच कागद आहे, तुझा. तू साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून सांगायचं की ते खोटं आहे. 'रिवाज', 'जाहिरात' असलं काही नको. खोटं हा शब्द आला पाहिजे."

"येईल," मी म्हणालो. मला ते सोपं वाटलं होतं.

नवव्या दिवशी कोर्टात मी सांगितलं: बंदूक लाकडी आहे, दुसरी कुठलीही नाही, हँडबिलातलं "खरी" खोटं आहे, मी लिहिलं. कोर्टात मराठीत बोललेलं इंग्रजीत उतरत होतं. ज्या भाषेचं राज्य व्हावं म्हणून माणसं मेली, त्या भाषेतलं वाक्य समोरच्या टंकयंत्रात शिरून परकं होऊन बाहेर पडत होतं, आणि मी ते बघत उभा होतो. मग सरकारी वकील उठला. त्याच्या हातात दुसरा कागद होता.

"हे पत्रकही तुमचंच?"

हवेत माणसं राहतात, ते पत्रक.

"माझंच."

"मग हेही खोटंच असेल."

"ते खरं आहे. भोकाचं माप घेतलंय."

"कोणी?"

"मामाने."

"म्हणजे आरोपीने." तो हसला नाही, पण मागे कोणीतरी हसलं.

मी म्हणालो, तुम्ही चला, आत्ता चला, चौकटीतलं भोक दाखवतो. मॅजिस्ट्रेट म्हणाले, विचारलं तेवढंच बोला. माझ्यापुढे टंकलेला कागद आला. आमच्या वकिलाने तो मला हळू आवाजात समजावला: साक्षीदार कबूल करतो की तो आपल्या पत्रकांतून खोटी विधानं प्रसिद्ध करतो. एका हँडबिलातला एक शब्द नव्हे. पत्रकं, सगळी.

"हे मी बोललो नाही," मी म्हणालो.

"हरकत घेऊ. मग पुढची तारीख पडेल. आठ दिवस, पंधरा दिवस." वकिलाने पेन माझ्या हातात ठेवलं. "तू ठरव."

समोर आरोपीच्या पिंजऱ्यात मामा उभा होता. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. त्याला इंग्रजी कळत नव्हतं, म्हणून तो माझ्याकडे बघून आशेने मान हलवत होता. उद्या दहावा दिवस होता. मी सही केली.

मामा सुटला. बंदूक मात्र जप्त. बाहेर आल्यावर त्याने पहिलं विचारलं ते तिच्याबद्दलच, आणि मग, "काय लिहून घेतलं रे तुझ्याकडून?"

मी सांगितलं. तो थांबला. मग झपाझप घराकडे चालू लागला. दारात मामी पाणी घेऊन उभी होती. तो पायही न धुता आत गेला, पटाशी आणि हातोडी घेतली आणि तिसऱ्या मजल्यावर चढला. मी मागोमाग.

चौकट रंगवलेली होती. भोक नव्हतं. त्याच्या जागी खडूतेलाची लांबी भरून वर हिरवा रंग मारला होता. काकी दारातच बसल्या होत्या, दंडाला अजून पट्टी.

"मालकाचा माणूस आला होता," त्या म्हणाल्या. "सोबत हवालदार. मी म्हटलं, सगळी चाळ गळते, तिचं आधी बघा की मेल्यांनो. म्हणाले, वरून हुकूम आहे."

मी हे पाहिलंच नव्हतं. नऊ दिवस मी वकिलाकडे धावत होतो, आणि ज्याच्यासाठी पिंजऱ्यातून ओरडलो ते भोक तेव्हा बुजलेलं होतं. मॅजिस्ट्रेट आले असते तर मी त्यांना गुळगुळीत चौकट दाखवली असती.

मामाने बोटाने जागा चाचपली, पटाशी लावली आणि हलकेच ठोकायला सुरुवात केली. लाकडाला धक्का न लावता फक्त लांबी काढायची, हे त्याचं काम होतं आणि त्याला ते येत होतं. गॅलरीत माणसं जमली. बऱ्याच वेळाने भोक उघडं पडलं. त्याने फुंकर मारली आणि खिशातली पट्टी माझ्यापुढे धरली.

"तू माप."

"माझं कोण मानणार आता?"

"आणि माझं कोण मानणार? मी आरोपी. म्हणून तू माप, आणि हे सगळे बघतील. ज्याने बघितलं तो खाली सही करील."

"आणि पत्रकात?"

"माप घाल. खास आकर्षण घालू नको."

मी पट्टी लावली. अडीच सूत. मोठ्याने वाचलं. मागून कोणीतरी "मलाही बघू दे" म्हणालं आणि वाकून बघून गेलं, मग दुसरा आला. कागद मामीने आणला. पहिली निशाणी काकींची. उजवा हात वर उचलत नव्हता, म्हणून त्यांनी डावा अंगठा शाईत बुडवला.