चार महिन्यांनी मोठी

ठाण्यापासून कल्याणपर्यंत असा एकही माणूस उरलेला नाही, की ज्याने माझ्या मावसबहिणीला आपल्या सासूबद्दल, साहेबाबद्दल किंवा गुडघ्याबद्दल काहीतरी सांगितलेलं नाही. मी वाढवून सांगतेय असं वाटत असेल तर तिच्याबरोबर एकदा नौपाड्यातून स्टेशनपर्यंत चालून बघा. मला दहा मिनिटं लागतात. तिला पाऊण तास लागतो, आणि गंमत म्हणजे ती राहते डोंबिवलीला; नौपाडा माझा आहे. मी इथे जन्मले, इथेच वाढले, पण कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानदाराला इतक्या वर्षांत माझं नाव माहीत नाही. तिला मात्र त्याने, ती दुसऱ्यांदा दिसली तेव्हाच, आपल्या मुलीचं ठरलेलं लग्न का मोडलं ते उभ्या उभ्या सांगितलं. मी शेजारीच होते. मला त्याने काचा पुसायचं फडकं धरायला दिलं होतं.

ती माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी आहे. फक्त चार. तेवढ्यावर आमच्या आईने मला तिला ताई म्हणायला लावलं, आणि जिभेला एकदा वळण लागलं की लागलं. दहावीला मला तिच्यापेक्षा कितीतरी जास्त टक्के मिळाले. पेढे माझे होते, पण त्या संध्याकाळी सगळे नातेवाईक हसत होते ते तिने केलेल्या पेपर तपासनिसाच्या नकलेवर. उगाच लपवाछपवी नको, आत्ताच सांगून टाकते: मी तिच्यावर जळते. लहानपणापासून जळते, नेमाने जळते. कोणी तिचं कौतुक केलं की माझ्या पोटात आधी दुखतं आणि मग मी 'हो ना, छानच आहे ती' असं म्हणते. आईला हे माहीत आहे. मावशीलाही असावं. तिला एकटीलाच माहीत नाही अशी माझी कैक वर्षं समजूत होती.

मनुष्यबळ व्यवस्थापन हा विषय खरं तर मी शोधून काढलेला. वर्षभर चौकश्या करून, कोणत्या कॉलेजात काय शिकवतात त्याची वही करून, बाबांना पटवून. बाबा पटले ते एका अटीवर. म्हणाले, "दोन वर्षं शिक. निकालानंतर सहा महिने थांबतो. तोवर नोकरी लागली तर तुझं तू बघ. नाहीतर आत्याने सुचवलेली स्थळं बघायला बसायचं, तेव्हा कुरकूर नको." मी हो म्हटलं, कारण दुसरा मार्गच नव्हता. अॅडमिशनचा फॉर्म भरत होते तेव्हा ही आमच्याकडे पोहे खात बसलेली. तिने विचारलं, "एचआर म्हणजे काय गं?" मी म्हटलं, "माणसांशी कसं वागायचं, ती कशी निवडायची, कशी टिकवायची, त्याचं शास्त्र." ती म्हणाली, "हे शिकवतात? अरे वा," आणि उरलेले पोहे संपवून तिनेही फॉर्म भरला. झालं. पुढची दोन वर्षं मी पहिल्या बाकावर आणि ती शेवटच्या, आणि शिकवायला आलेला प्रत्येक माणूस महिन्याभरात शेवटच्या बाकाकडे बघून शिकवायला लागायचा.

पुस्तक तिने उघडलेलं मी पाहिलेलं नाही. तिचा सगळा अभ्यास घरच्या माणसांवर चालायचा. नोकरी सोडणाऱ्याची जाताना मुलाखत घ्यावी, खरं कारण काढून घ्यावं, असं आम्हाला शिकवलं त्याच आठवड्यात मावशीकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंनी काम सोडलं. मावशी म्हणाली, गेली तर गेली, दुसरी बघू. ताईने बाईंना खुर्चीवर बसवलं, चहा केला, समोर वही घेतली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही जे सांगाल ते ह्या वहीच्या बाहेर जाणार नाही." पहिल्या पंधरा मिनिटांत कळलं की भांडण पगाराचं नाहीच, दुधाच्या करपलेल्या पातेल्याचं आहे, मावशी ते रोज तसंच कोरडं टाकते आणि वर मागे उभं राहून बघते. पुढच्या तासाभरात त्या बिल्डिंगमधल्या बाकी पाच घरांचीही कारणं बाहेर आली. बाई राहिल्या. पातेलं भिजत घालायचं काम मावशीकडे लागलं. बाकी पाच घरांचं काय होतं ते मी खोदून खोदून विचारलं, आईसक्रीमचंही आमिष दाखवलं, पण तिने आजतागायत एक अक्षर सांगितलेलं नाही.

मग तिच्या दादाचं लग्न झालं. वहिनी कल्याणची, जरा बुजरी. पूजेच्या दुसऱ्या दिवशी हिने तिच्या हातात चार पानं ठेवली: नवीन माणसाला घराची ओळख. बाबांचा पेपर वाचून होईपर्यंत त्यांना काही विचारू नये. आई 'मला काही नको' म्हणाली की तिला हवं असतं. दादा खोटं बोलताना कान खाजवतो. संध्याकाळी गॅलरीतल्या खुर्चीवर बसून रडलं तर कोणाला दिसत नाही, फक्त समोरच्या काकूंना दिसतं, आणि त्या चांगल्या आहेत. वहिनी मला एकदा म्हणाली की त्या घरातला पहिला महिना तिने त्या चार पानांवर निभावला. परीक्षेत नेमका हाच प्रश्न आला. मी व्याख्या, उद्देश, फायदे, तोटे आणि आकृती काढून वीसपैकी अठरा मिळवले. ताईने वहिनीची गोष्ट लिहिली. तिला सात मिळाले आणि शेजारी शेरा: विषय सोडून लिहू नये. ती तो शेरा सगळ्यांना दाखवत फिरली, आणि सगळा वर्ग तिच्या बाजूने सरांशी भांडायला निघाला. माझे अठरा कोणी पाहिलेही नाहीत.

पण खरी जिव्हारी लागली ती उन्हाळ्यातल्या प्रोजेक्टची गोष्ट. डोंबिवलीच्या बाहेर पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक कारखाना होता. आम्हा दोघींना दोन महिने तिथे पाठवलेलं. मॅनेजर नवे, पुण्याहून आलेले, आणि अगदी टेकीला आलेले. एप्रिल-मेमध्ये कुठल्याही दिवशी अचानक निम्मा कारखाना रिकामा. रजेच्या अर्जावर सगळ्यांचं कारण एकच, पोटदुखी. मी पन्नास प्रश्नांची प्रश्नावली काढली. गैरहजेरीचं मुख्य कारण: आरोग्य, वाहतूक, कौटुंबिक अडचण की प्रेरणेचा अभाव? जवळजवळ सगळ्यांनी 'प्रेरणेचा अभाव' वर खूण केली. मी हरखून गेले. प्रेरणेवर वीस पानं लिहिली. नंतर मशीनवरच्या एका काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सगल्यात मोठा शब्द तोच व्हता ना. म्हटला, कंपनीच्या कागदावर बरा दिसंल."

ताईने ह्या काळात काय केलं? कॅन्टीनमध्ये बसून जेवली. दुसऱ्या आठवड्यात तिला कोणाच्या तरी हळदीचं आमंत्रण आलं, आणि ती गेली. सकाळी कारखान्यात आली ती कानामागे पिवळी, डोळे तारवटलेले, आणि उत्तर घेऊन. बरेचसे कामगार आसपासच्या गावांतले. गावात हळद म्हणजे सगळ्या गावाची हळद. रात्रभर नाचायचं, दुसऱ्या दिवशी लग्न, आणि न जाणं म्हणजे उद्या आपल्या दारात कोणी यायला नको. हळदीचा डीजे मी जन्मभर खिडकीतून ऐकत आलेय, खिडकी लावून घेत आलेय. पण तो आपल्या प्रोजेक्टमध्ये येईल असं माझ्या डोक्यातही आलं नाही. हिने पंचांग मागवलं, लग्नाचे मुहूर्त बघितले, आणि कोणाच्या घरचं कार्य कुठल्या तारखेला, कोण कोणाची पाळी करेल, हे सगळं एका खोक्याच्या झाकणावर लिहून काढलं. आणि ते झाकण हरवलं. बहुतेक कुठल्यातरी भरलेल्या खोक्यावर लागून ते बाहेर गेलं. मग मी, तणतणत, एकेका कामगाराकडे जाऊन परत विचारून, तीन दिवस बसून त्याचा नीट तक्ता केला आणि भिंतीवर लावला. मे महिना सुरळीत गेला. निरोपाच्या दिवशी मॅनेजर मला म्हणाले, "तुमच्या ताईंची आयडिया भारी होती हां." मी म्हटलं, "हो ना, छानच आहे ती."

निकाल लागला. पाच महिने मी अर्ज करत राहिले आणि नुसतं 'कळवतो' ऐकत राहिले. सहावा महिना संपत आला तेव्हा माजिवड्याच्या एका कंपनीत एचआरची एक जागा निघाली. शेवटच्या फेरीला दोघी उरलो, मी आणि ताई. रविवारी आमच्याकडे आत्याने सुचवलेल्या स्थळाची मंडळी येणार होती; आईने चकलीची भाजणीसुद्धा काढून ठेवलेली. मी सकाळी नऊला जाऊन बसले. ताई पोचली आणि दहा मिनिटांत रिसेप्शनवरची मुलगी तिला आपल्या मोबाइलमधले नवऱ्याचे फोटो दाखवत होती. आत एक वयस्कर गृहस्थ आणि एक बाई होत्या. माझं सगळं छान झालं. शेवटी गृहस्थांनी विचारलं, "बाहेर तुमची वर्गमैत्रीण बसली आहे. आमच्या जागी तुम्ही असता, तर तिच्याबद्दल काय म्हटलं असतं?"

मला विचार करायला एक क्षणही लागला नाही. मी म्हटलं, "बोलकी आहे, लोकांना आवडते. पण शिस्त नाही. तिच्यावर काम सोपवलं तर कागद हरवेल." खोटं काहीच नव्हतं त्यात. बाहेर आले, तिच्याकडे न बघता सरळ पाणी प्यायला गेले. ती आत पाऊण तास होती. दोनदा मोठ्याने हसण्याचा आवाज आला. मी मनात म्हटलं, संपलं. रविवारी चकल्या तळायच्या. दुसऱ्या दिवशी फोन आला. निवड माझी झालेली. खरं सांगते, मला पहिल्यांदा नोकरीचा आनंद झाला नाही. पहिल्यांदा वाटलं, हरवलं बाई हिला एकदाचं.

ती पुढे कल्याणच्या एका हॉस्पिटलमध्ये लागली, माझ्यापेक्षा कमी पगारावर. तिथल्या आयांपासून डॉक्टरांपर्यंत सगळे तिला ताई म्हणतात, आणि त्यातले काही तिच्या आईच्या वयाचे आहेत. मी माजिवड्याला रमले. काम जमलं, कायम झाले. वर्षभराने साहेबांनी जुन्या फायली कॉम्प्युटरवर चढवायला सांगितल्या आणि त्यात माझीही फाईल आली. दोघींच्या मुलाखतीचे कागद एकत्रच टाचलेले होते. माझ्या कागदाच्या तळाशी त्या गृहस्थांच्या अक्षरात माझी दोन वाक्यं होती, शिस्त आणि हरवणारे कागद. तिच्या कागदावर बरंच लिहिलेलं होतं. 'म्हणते, माणसं मी जमवीन, पण माझ्या बहिणीशिवाय ती दुसऱ्या दिवशी कामावर येणार नाहीत. कारखान्यातला तक्ता तिने केला, एकेकाला विचारून. तिला लोकांशी बोलायची भीती वाटते, तरी गेली. एकच जागा असेल तर तिला घ्या.' माझ्या बाबांची अट तिला पाठ होती, रविवारची मंडळीही माहीत होती. त्यातलं एक अक्षर त्या कागदावर नव्हतं. माझी कीव येऊन तिने माझ्यासाठी जागा मागितली नव्हती. माझं काम सांगितलं होतं. ते काम तिने पाहिलंय हेच मला माहीत नव्हतं.

शनिवारी मी डोंबिवलीला गेले. ती ओट्याशी बसून भिजवलेले वाल सोलत होती. मीही समोर बसून सोलायला लागले आणि सगळं सांगून टाकलं, मी काय बोलले ते शब्दाला शब्द. ती ऐकत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "तू बाहेर आलीस तेव्हा माझ्याकडे बघितलं नाहीस ना. आणि चुकीचं काय बोललीस? हॉस्पिटलात येऊन बघ, एक कागद जागेवर नाही."

"तुला राग नाही आला?"

"आला की. मला पण तीच नोकरी हवी होती गं. तुझी बातमी कळली तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही मला, आईला विचार. पण त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं, तर खोटं कसं सांगायचं?"

मी मान खाली घालून वाल सोलत राहिले. कारण ते दोन दिवस मला आठवत होते. त्यातल्या दुसऱ्याच दिवशी मी पेढ्यांचा पुडा घेऊन, मुद्दाम, तिच्या घरी गेले होते. तिने पेढा हातात घेतला, अर्धा माझ्या तोंडात घातला, अर्धा स्वतः खाल्ला आणि विचारलं, "पहिल्या दिवशी साडी नेसणार का ड्रेस घालणार?" परत येताना मी मनाशी म्हणत होते, बघ, हिला कशाचा फरकच पडत नाही. आणि त्याचाही मला तेव्हा हेवा वाटला होता.