पुढची कडी

“तात्या, कुत्रीनं ओढू नये असा पट्टा शिवून पायजे,” ज्ञानदेव साळवे एकदा म्हणाला होता.

बारामतीत टांग्याचा साज शिवणाऱ्या जोतीरामच्या टपरीत तो हे म्हणाला. शहाण्णव सालचा ऑगस्ट होता. टांगे कमी झाले होते आणि जोतीराम आता बहुतेक वेळ शाळेच्या दप्तरांचे बंद शिवत असे. त्याने हातातली आरी खाली ठेवली. चाळीस वर्षं लोक त्याच्याकडे जनावरानं नीट ओढावं म्हणून आले होते.

“कुत्री केवढी?”

“चार किलो.”

“चार किलोची कुत्री वढून वढून काय वढंल, ज्ञानदेवराव?”

ज्ञानदेवाने डावा हात पुढे केला. प्लास्टर आठवड्यापूर्वी निघालं होतं. मनगटावरची कातडी पांढरी पडली होती आणि हाड थोडं वाकडं बसलं होतं.

“मला,” तो म्हणाला.

ज्ञानदेव इंदापूरला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात परिचर होता. बत्तीस वर्षं त्याने बैल पाडून बांधले, जखमा धुतल्या, गाभण म्हशींच्या शेपट्या धरल्या. चौऱ्याण्णवला निवृत्त झाल्यावर नवरा-बायको बारामतीला मुलाकडे आले. मुलगा अनुप बँकेत होता, सून मेघना शाळेत शिकवायची. निघताना ज्ञानदेवाच्या बायकोने, अक्काबाईने, दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या पॉमेरियनचं एक पिल्लू पिशवीत घालून एसटीतून आणलं. ते स्वतःभोवती फिरायचं, म्हणून त्याचं नाव भिंगरी.

पंच्याण्णवच्या डिसेंबरात अक्काबाई गेली. दोन दिवसांचं दुखणं. बुद्धवंदना झाली, पाहुणे आले, जेवले, गेले. ज्ञानदेव रडला नाही. त्याने रडू दाबलं, असंही नव्हतं. दवाखान्यात बैलाचं शिंग कापण्याआधी बधिर करायचं इंजेक्शन देत. मग करवत चालू असताना बैल शांतपणे रवंथ करत उभा असे. ज्ञानदेवाला अधूनमधून तो बैल आठवायचा. तेवढंच.

कुत्रीला फिरवणं त्याच्याकडे आलं, कारण दुसऱ्या कुणाला वेळ नव्हता. अक्काबाई भिंगरीला फिरवत नव्हतीच, भिंगरी तिला फिरवत असे. ती ओढेल तिकडे अक्काबाई बोलत बोलत मागे जायची. म्हणजे ओढलं की हवं तिथं पोचता येतं, हे कुत्री दीड वर्ष शिकली होती. आता ती ज्ञानदेवाला तसंच ओढू लागली, अक्काबाईच्याच रस्त्यांनी. जूनमध्ये कालव्याच्या पुलाजवळ शेळी दिसली आणि तिने झेप घेतली. दोरीचा वेढा ज्ञानदेवाच्या मनगटाला होता. तो तोंडावर पडला.

प्लास्टर निघालं त्या दिवशी अनुप समोर बसला. “नाना, डॉक्टर काय म्हणाले ऐकलं ना? हाडं ठिसूळ झालीत. पुढच्या वेळी खुबा मोडेल, मग अंथरुणच. बावड्याचे मोहनराव कधीचे मागतायत कुत्री. डाळिंबाची बाग आहे, बांधून ठेवतील, खायला घालतील. महिनाभर बघू. ती ओढायची थांबली तर राहू दे. नाही तर द्यायची.”

“बरं,” ज्ञानदेव म्हणाला. अनुपचं चुकत नव्हतं. भिंगरी आपल्याला आवडते का, हेही त्याला ठाऊक नव्हतं. पण ती गेली तर सकाळी सहा वाजता खाटेवरून उठायला काही कारण उरणार नाही, हे त्याने स्वच्छ पाहिलं होतं, आणि पाहून त्याला भीतीसुद्धा वाटली नव्हती. त्या न वाटण्याचीच त्याला थोडी भीती वाटली.

तर, जोतीरामची टपरी.

गळपट्टा दोघांनी आधीच बाद केला. ओढलं की भिंगरी खोकायची. या जातीची श्वासनळी नाजूक असते, हे ज्ञानदेवाने दवाखान्यात पाहिलं होतं. अनुपने पुण्याहून नायलॉनचा एक तयार पट्टा आणला होता, तो मोठ्या कुत्र्याचा. काखेत घासून भिंगरीचे केस गेले होते, आणि त्याचं बक्कलच कुत्रीच्या डोक्याएवढं होतं.

“मंग छातीवर घिऊ,” जोतीराम म्हणाला. “घोड्याचा छातपट्टा असतो तसा. रुंद. आतनं लोकरीचा नमदा लावतो, मऊ पडंल. कडी पाठीवर. गळ्याला तरास न्हाय, काखंत घासणं न्हाय.”

त्याने कुत्रीची छाती दोरीने मापली. पुढच्या पायामागे दोन बोटं जागा सोडली. लहानातलं लहान बक्कल शोधलं. पट्टा दोन दिवसांत झाला आणि सुरेख झाला. अंगावर घातला तेव्हा भिंगरी त्यात जन्मल्यासारखी दिसत होती.

टपरीबाहेर येताच तिने मान खाली घातली, मागचे पाय रोवले आणि पूर्वी कधीच ओढलं नव्हतं इतक्या जोराने ओढलं. खोकली नाही, थांबली नाही. ज्ञानदेव विजेच्या खांबाला धरून उभा राहिला. जोतीराम कौतुकाने बघत होता.

“बघा कशी जोमानं वढतीया. कुठं काचत न्हाय तिला.”

मग दोघांनीही पाठीवरच्या कडीकडे पाहिलं.

“तात्या,” ज्ञानदेव म्हणाला, “आपुन हिला जुंपली.”

जोतीरामने टोपी काढून डोकं खाजवलं. “जन्मभर वढायचंच शिवलं. हात तिकडंच गेला. तुमी तरी बोलायचं व्हतं. जनावरांच्या दवाखान्यात काय गवत कापत व्हता?”

“माझ्या बी ध्यानात न्हाय आलं. मऊ असलं की बास, वाटलं.”

ज्ञानदेव पायरीवर बसला. भिंगरी त्याच्या चपलेवर बसली. तिच्या छातीवर हात ठेवून तो म्हणाला, “बुजरं वासरू यायचं तवा आमी त्याला मागं ओढत बसत नव्हतो. पुढनं छातीला हात लावायचा न् बाजूला वळवायचं. वासरू आपसूक आपल्याकडं तोंड करायचं. कडी पाठीवर नको. पुढं घ्या, छातीवर, मधोमध.”

“म्हंजे घोडं उलटं जुंपायचं.”

“व्हय.”

“हे मी कुणाला सांगणार न्हाय,” जोतीराम म्हणाला आणि त्याने पाठीवरची कडी उसवायला घेतली.

पुढची कडी लागल्यावर गोष्ट वेगळी झाली. भिंगरी जोर करून पुढे गेली की दोरी तिला बाजूला वळवायची आणि तिचं तोंड ज्ञानदेवाकडे यायचं. ओढून पुढे जाता येत नव्हतं. पण पट्ट्याने एवढंच होत होतं. ओढायचं नाही, हे तिला शिकवायचं बाकी होतं. ज्ञानदेवाने एकच रीत धरली. दोरी ताणली की उभं राहायचं. ढिली झाली की एक पाऊल. ओरडायचं नाही, झटका द्यायचा नाही. दोरी मनगटाला गुंडाळायची नाही, तळहातात धरायची.

पहिल्या सकाळी घरापासून कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत जायला पाऊण तास लागला. अंतर दीडशे पावलांचं. गिरणीच्या ओट्यावर बसणारी गोजरबाई रोज बघायची.

“नाना, रस्ता मोजताय का?” तिने तिसऱ्या दिवशी विचारलं.

“मोजतूय.”

“मंग सरकारला सांगा, लई खड्डं हायत.”

तो थांबलेलाच होता. थांबणं त्याला अवघड नव्हतं. डिसेंबरपासून तो कुठेही असाच थांबायचा, नळासमोर, जिन्यात, हातात कोरडी बादली घेऊन, आणि मेघना हाक मारेपर्यंत त्याला कळायचं नाही. आता थांबायला काम होतं. दोरीचा ताण बोटांना कळायचा, आणि तो सुटला की तेही कळायचं. दिवसभरात तेवढंच त्याला नक्की कळायचं.

बाराव्या दिवशी भिंगरी स्वतःच थांबून मागे बघू लागली. विसाव्या दिवशी ती गिरणीपर्यंत त्याच्या पायाशी चालत गेली. मेघनाने हे गच्चीवरून पाहिलं आणि अनुपला सांगितलं. अनुप सकाळी सातला दौंडची गाडी धरायचा. त्याची बदली झाली होती. तो म्हणाला, “गल्लीत चालते गं. शेळी दिसली की?”

महिना भरला तो रविवार होता. मोहनराव दहा वाजता आले, पांढरे कपडे, हातात नवी साखळी आणि झाकणाची टोपली. मेघनाने चहा दिला. अनुपने पावसाची विचारपूस केली.

“नातवंडं वाट बघत्यात,” मोहनराव म्हणाले. “काय घाबरू नका नाना. बागंत मोकळं वारं हाय.”

“मोकळी सोडणार का?” मेघनाने विचारलं.

“तसं न्हाय. साखळी लांब हाय.”

“अहो, आधी एकदा बघा तरी,” मेघना अनुपला म्हणाली. “तुम्ही एक दिवस तरी पाहिलंय का?”

“बघायचं काय त्यात? नाना पडले तर तू उचलणार का मी?” अनुपचा आवाज चढला नव्हता. तो वडिलांकडे वळला. “नाना, तुम्ही बोला. तुम्ही नको म्हणालात तर मी नाही म्हणेन यांना. पण तुम्ही काहीच बोलत नाही.”

ज्ञानदेव भिंतीला टेकून बसला होता. त्याची नजर खुंटीवरच्या पट्ट्याकडे गेली.

मोहनरावांनी वाकून साखळी भिंगरीच्या गळ्यात अडकवली आणि जरा ओढून बघितली. भिंगरी खोकली.

ज्ञानदेव उठला. त्याने साखळी सोडवली आणि मोहनरावांच्या कपबशीशेजारी नीट गोळा करून ठेवली. खुंटीवरचा पट्टा काढला, कुत्रीच्या अंगावर चढवला, पायामागे दोन बोटं घालून बघितली, दोरी छातीवरच्या कडीला लावली. वाकड्या मनगटाने दार उघडलं. समोर शेजाऱ्यांच्या दोन शेळ्या फाटकाशी बांधलेल्या होत्या. भिंगरी पुढे झेपावली, दोरी ताणली, ती वळली. तो उभा राहिला. अनुप जागेवरून अर्धा उठला होता. ज्ञानदेव तसाच उभा होता, कुणालाच कसली घाई नसल्यासारखा. भिंगरीने शेळ्यांकडे पाहिलं, मग वर त्याच्याकडे, आणि एक पाऊल मागे आली. दोरी खाली लोंबली.

मग तो दाराबाहेर पडला, आणि ती त्याच्या बरोबरीने शेळ्यांसमोरून चालत गेली.