थोरल्या जावेच्या अंगणातलं तेल

आश्विनातली सकाळ. दरीतलं धुकं पडद्यासारखं सावकाश वर सरकतं आणि कुमाऊँच्या डोंगरातलं एक दगडी अंगण उजळतं. दोन घरं, मध्ये एकच भिंत. डावीकडच्या घरातून धूर निघतोय. उजवीकडच्याचं छप्पर बसलंय. दारातून, खिडकीतून, थेट चुलीपाशीसुद्धा पुरुषभर उंच भांग माजलीय. आणि मधोमध, कमरेला पदर खोचून, हिरुली उभी. वय पासष्ट, हात मात्र विशीतले.

या हातांची गावात ख्याती. दर कार्तिकात ती त्या ओसाड घरातल्या भांगेचं बी झोडून आणायची, मंद भाजायची, उखळात कुटायची आणि गरम पाण्याचा हबका मारत दगडावर मळत बसायची. बऱ्याच वेळानं त्या गोळ्याला घाम फुटायचा आणि मुठीतून हिरवं तेल ठिबकायचं. बाळंतिणीची कंबर, तान्ह्याचे सांधे, गवत कापून चिरलेली बोटं, सगळ्यांना तेच. एखादी नवी सून बिचकत विचारायचीच, "काकी, बाळ झिंगणार नाही ना?"

"बियात कुठली नशा? झिंगलाच तर तुझा नवरा झिंगेल, तुझी कांती बघून!"

पहिली बाटली मात्र जीपवाल्याच्या हाती डोंगरपायथ्याच्या हल्दवानीला जायची. थोरल्या जावेला, मधुलीला. उजवीकडचं घर तिचंच.

वीस वर्षांपूर्वी दोघी भांडल्या त्या भोपळ्याच्या वेलावरून. वेल हिरुलीचा, भोपळा धरला मधुलीच्या छपरावर. शब्दाला शब्द लागला आणि हिरुली बोलून गेली, "तुझ्या घरात भांग उगवो!" त्या डोंगरात याहून वाईट शाप नाही. भांग आपणहून माजते ती माणसं उठून गेलेल्या घरातच. दोन महिन्यांत मधुलीचा मुलगा आईला शहरात घेऊन गेला. नोकरी लागली होती त्याला. शापाचा काय संबंध? पण हे हिरुलीला कोण समजावणार! रोज दुपारी एकमेकींच्या डोक्याला तेल लावून देणाऱ्या त्या दोघी. "चुकलं" एवढा एक शब्द तिच्या जिभेवर कधी चढला नाही. म्हणून ते तेल.

यंदा देवीच्या पूजेला मधुलीची सून तारा एकटीच आली. भांडी घासून खरखरीत झालेले तिचे हात चोळता चोळता हिरुलीनं विचारलं, "दिदी लावते ना गं तेल? टाचा फार फुटायच्या तिच्या."

तारा खाली बघत म्हणाली, "काकी, रागावू नका. वीसच्या वीस बाटल्या फडताळात उभ्या आहेत. बूचसुद्धा काढलं नाही त्यांनी. दर वर्षी म्हणतात, 'आला हिरुलीचा निरोप. घरात भांग उगवलीय, हे बाटलीत भरून कळवते मेली.'"

हिरुलीचे हात ताराच्या हातावर तसेच राहिले. मग ती उठली आणि विळा घेऊन पलीकडे गेली.

बी अजून दुधात होतं, आता कापलं तर यंदा तेल नाही. बायका धावत आल्या. "काकी, वेड लागलं का? थंडीत आमच्या टाचा काय तू चाटणार?"

"चाटीन. आधी वाटेतून बाजूला व्हा!"

दोन दिवस ती मुळासकट उपटत राहिली. तळव्यांना फोड आले. तिसऱ्या दिवशी लाल मातीनं जमीन सारवली, बिनछपराच्या त्या घरात चूल पेटवली आणि ताराला म्हणाली, "लाव दिदीला फोन."

पलीकडे टीव्हीचा आवाज होता. मग तो बंद झाला. नुसता श्वास ऐकू येत होता. हिरुलीनं फोन दोन्ही हातांनी धरला.

"दिदी, चुकलं माझं. तेल तुझ्या टाचांसाठी होतं गं, दुसरं काही नव्हतं त्यात. भांग उपटली सगळी. तुझी चूल पेटवलीय. वर छप्पर नाही, त्यामुळे धूर कसा सरळ चढतोय... गच्चीवर जाऊन बघ ना, दिसतो का?"