साकवातली आमची फळी

पहिले महायुद्ध संपल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात, श्रावणातल्या एका दुपारी, आमच्या आळीच्या साकवाची एक फळी सुटली आणि शेजारचे चाचा ओढ्यात पडले. पाणी छातीभर होते. दोघा-तिघांनी उड्या टाकून त्यांना बाहेर काढले. त्यांचा उजवा पाय मांडीत मोडला होता. सुटलेली फळी आमच्या घरची होती.

आमचे गाव मावळात, कान्हे गावाच्या शिवेला लागून. दुकान, देऊळ आणि स्टेशनाची वाट ओढ्याच्या एका अंगाला होती, आमची आळी दुसऱ्या अंगाला. उन्हाळ्यात ओढा चपला हातात घेऊन ओलांडता येई. पावसाळ्याचे चार महिने साकवाखेरीज वाट नव्हती. लोणावळ्याच्या बंगल्यांना जाणारे दूध, बाळंतिणीसाठी आणायची सुईण, दळण, प्रेत, सगळे त्यावरून जाई.

साकव आळीचाच होता. ऐनाच्या दोन तुळया दोन्ही काठांच्या दगडी ओट्यांवर कायमच्या पडलेल्या असत. त्यांवर आडव्या फळ्या, घरटी एक. दिवाळी झाली की फळ्या निघत आणि ज्याची त्याच्या घरी जात. तिथे त्या चुलीवरच्या माळ्यावर ठेवत. धुराने लाकडाला भुंगा लागत नसे. मृग लागायच्या आत फळ्या पुन्हा ओढ्यावर येत. धुराने काळ्या झालेल्या फळ्या खांद्यावर घेतलेली माणसे एकामागोमाग एक उतरणीने जात. त्या दिवशी आळीतली कुठलीच चूल दुपारपर्यंत पेटत नसे, कारण माळे झाडलेले असत आणि घरभर काजळी झालेली असे.

फळी बसवण्याची रीत ठरलेली होती. ज्याची फळी त्याची खुंटी. घरच्या कर्त्या पुरुषाने गिरमिटाने भोके पाडायची आणि बाभळीच्या खुंट्या स्वतः ठोकायच्या. फळी हलली तर जबाब त्याच घराने द्यायचा. विधवेच्या घरची खुंटी भावकीतला पुरुष मारी. एखाद्या घरची खुंटी दुसऱ्याने मारली, की त्या घरात गडी उरला नाही, असे आळी समजे. ते कोणी बोलून दाखवत नसे.

माझे वडील लढाईच्या मधल्या वर्षांत पलटणीच्या खेचरांच्या तांड्याबरोबर इराकात बसऱ्याला गेले. ते गेले तेव्हा हिवाळा होता आणि फळी माळ्यावर होती. मी तेव्हा बाराखडी गिरवत होतो. घरात आई आणि मी अशी दोघेच राहिलो.

पुढच्या ज्येष्ठात फळ्या बसवायला आळी ओढ्यावर जमली. आमची फळी आईने आणि मी मिळून नेली. आबा, म्हणजे वरच्या टोकाच्या घरातले माझ्या वडिलांचे चुलते, साकवाचे काम पाहत. त्यांनी गिरमिट उचलले.

"आण हिकडं. मी मारतो खुंट्या."

आईने डोक्यावरचा पदर सारखा केला. "फळी आणलीया, आबा. खुंटी न्हाई मारायची. त्येंच्या हातची खुंटी हाय ती. आल्यावर मारतील."

"आन तवर लोकांनी काय उडत जायचं?"

"तवर मोकळी ऱ्हाऊ द्या जागा."

"मोकळी ऱ्हाऊ द्या म्हनं," समोरच्या घरातली मावशी म्हणाली. "माझ्या वासराचा पाय गेला मंजी? तुझ्या मालकाला कळवायचं का बसऱ्याला?"

काही जण हसले. आई हसली नाही. आबांनी गिरमिट खाली ठेवले. त्यांनी मारली असती तर तिला अडवता आले नसते. पण मारली असती तर त्याचा जो अर्थ झाला असता, तो त्यांनाही नको होता. वडील त्यांच्या हाताखाली वाढलेले होते.

वाट काढली ती चाचांनी. ते गावचे मुलाणी. त्यांचे घर आमच्या घराला लागून होते आणि दोन्ही घरांत एकच भिंत होती.

"खुंटी मारली तर अर्थ निघतोय," ते म्हणाले. "बरं. दोरानं बांदली तर? बांदली मंजी बसवली न्हवं. पाव्हणी आली म्हनायची. पाव्हणीला कोन नावं ठेवतंय?"

"आन पाव्हणी निघून गेली तर?" आबांनी विचारले.

"तर मी जातो की तिच्या माहेरला आनायला!"

या वेळी आईही हसली. अंबाडीचा दोर आणला गेला. चाचांनीच फळीची दोन्ही टोके तुळयांना आवळून बांधली. त्या वर्षापासून आमच्या फळीला आळीत 'पाव्हणी' म्हणू लागले.

आमचे घर ओढ्याला सर्वांत जवळ होते. साकवावरून कोणी आले की फळ्यांचा आवाज घरात येई. खुंटीवरची फळी ठक्क वाजे. आमची बांधलेली होती, ती दबका आवाज करी. पायांच्या चालीवरून माणूस ओळखता येई: आबा सावकाश, मावशी भराभर, चाचा मध्येच थांबत. ओळखीची नसलेली चाल आली की आईचा जात्यावरचा हात थांबे. आमची फळी वाजून जाईपर्यंत ती तशीच बसे. मग जाते पुन्हा फिरू लागे. ती याबद्दल कधी काही बोलली नाही. जाते थांबल्याचे मला ऐकू येत असे, कारण मी शेजारीच वाचत बसलेलो असे.

दोराची देखभाल तिने स्वतःकडे घेतली होती. पावसात दोर कुजतो, म्हणून दर अमावास्येला ती नवा बांधी. जुना सोडताना एका हाताने फळी धरून ठेवी, पाहणारे म्हणत की हिला फळी ओढ्यात जाण्याची भीती वाटते. लढाई संपली. खालच्या वाडीतले दोघे परत आले. ते दुसऱ्या पलटणीबरोबर होते, त्यांना वडिलांची माहिती नव्हती. सरकारकडून काही कळले नाही. साकव त्यानंतर दोन वेळा बसवला गेला आणि दोन्ही वेळा आमची फळी बांधली गेली. कोणी विचारले नाही.

त्या श्रावणात चाचा डोक्यावर गवताचा भारा घेऊन येत होते. दोर वरून नवा दिसत होता. खालच्या अंगाला तुळईच्या कडेवर घासून तो झिजला होता, आणि ते साकवावर उभे राहून दिसण्यासारखे नव्हते. हे नंतर आबांनी तुळईखाली उतरून पाहिले आणि सर्वांना दाखवले. फळी वाहून गेली ती खालच्या वळणावर करंजाच्या मुळांत अडकलेली सापडली. आई ती उचलून घेऊन आली. कोणाला हात लावू दिला नाही.

हाडवैद्याने चाचांच्या पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या. त्यांना हलवता येत नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी आळीची बैठक त्यांच्याच ओट्यावर भरली. बाया दाराशी उभ्या होत्या. मी आईच्या शेजारी होतो.

चाचांनीच सुरुवात केली.

"माज्याच डोस्क्यातनं निघाली ती दोरी. माज्याच पायाला लागली. आता तोंडं पाडून बसू नका. मेलो न्हाई मी."

"हसन्यावारी न्हेऊ नको," आबा म्हणाले. "आज तू व्हतास. उद्या दुधाची घागर घेऊन एकादी पोर असंल. ज्याची खुंटी त्याचा जबाब, ही रीत. हितं खुंटीच न्हवती. मग जबाब समद्या आळीचा. आपुन समद्यांनी बगून न बगितल्यावानी केलं."

मावशी म्हणाली, "मी तवाच म्हनलं व्हतं."

"म्हनली व्हतीस. आन चार वर्सं त्याच फळीवरनं गेलीस," आबा म्हणाले.

मग ते आईकडे न पाहता बोलले. "आता खुंटी मारावी लागंल, सूनबाई. मी मारतो. तू म्हनशील ते मला पटतंय, पर ओढा आयकत न्हाई."

"मारायचीच हाय," आई म्हणाली. "चाचा तितं पडलेत, मला कळत न्हाई व्हय? मारायची. पर मी मारनार."

ओट्यावरचे सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"अगं बया," मावशी म्हणाली, "बाईमानसानं खुंटी मारायची रीत हाय का?"

"न्हाई ना? म्हून तर. आबांनी मारली तर तिचा अर्थ समद्यांना ठावं हाय. मी मारली तर काय अर्थ लावाल? रीतच न्हाई, तर अर्थ कुटनं आननार?"

चाचा खाटेवरून आबांकडे पाहत म्हणाले, "द्या की आता उत्तर."

"गिरमिट जड असतंय," आबा म्हणाले. परवानगी म्हणून ते तेवढेच बोलले.

पाऊस उघडलेला होता. सगळी आळी साकवाच्या दोन्ही तोंडांशी उभी राहिली. आबांनी फळीच्या टोकावर पाय देऊन ती दाबून धरली. आईने पदर खोचला आणि गिरमिट फिरवायला घेतले. लाकूड धुराने कठीण झालेले होते, भुसा बारीक आणि काळा निघत होता. पहिली खुंटी तिरपी गेली. आबांनी ती उपटून टाकायला लावली. "तिरपी चालत न्हाई. कुनाचीच चालत न्हाई." तिने पुन्हा भोक साफ केले आणि दुसरी खुंटी घेतली. खुंटी ठोकायची मोगरी वडिलांची होती. तिचा दांडा आईच्या मुठीत नीट बसत नव्हता, म्हणून तिने तो दोन्ही हातांनी धरला. सगळ्या खुंट्या बसल्यावर आबा फळीवर उभे राहिले आणि त्या वयात त्यांनी तिथे उडी मारली. फळी हलली नाही. मग दुधाच्या घागरी घेऊन खोळंबलेले लोक पलीकडे गेले.

'पाव्हणी' हे नाव त्यानंतर कोणी वापरले नाही. आमची फळी इतर फळ्यांसारखीच वाजू लागली. आईचे कुंकू तसेच होते, आणि त्याबद्दल आळीत कोणी काही बोलल्याचे मी ऐकले नाही. चाचा दोन महिन्यांनी काठीच्या आधाराने हिंडू लागले. पाय थोडा आखूड राहिला. आबांनी त्या वर्षी सगळ्या फळ्यांच्या खालच्या बाजू तपासायचा पायंडा पाडला, आणि दर पंधरवड्याला दोन घरांनी मिळून हे काम करायचे ठरले. पहिल्या पाळीला आई आणि मावशी होत्या. दोघी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून भांडत होत्या, असे चाचांच्या सुनेने सांगितले.

दिवाळीनंतर फळ्या निघाल्या. मार्गशीर्षात कान्ह्याचा एक माणूस घरी आला. तो वडिलांच्याच तांड्यात होता आणि नुकताच परतला होता. ओढ्याला पाणी थोडेच होते, तो चालतच आला. आईने त्याला पाणी आणि गूळ दिला. तो उंबऱ्याशी बसला, आई आत खांबाला टेकून उभी राहिली.

"खातपीत व्हते का?" तिने विचारले.

"व्हय. खजूर लय खायचं. मला म्हनायचं, घरी न्ह्यायला पायजे."

"आजारी?"

"न्हाई. मी आजारी पडलो. मला दवाखान्यात टाकलं. उठून आलो तवर तांडा नदीनं वर निघत व्हता. मी मागं ऱ्हायलो."

"काय निरोप?"

"न्हाई, वैनी. घाई व्हती."

त्याने वडिलांना शेवटचे पाहिले ते बसऱ्याच्या धक्क्यावर, सकाळच्या वेळी. ते एका अडून बसलेल्या खेचराच्या डोळ्यांवर कापड बांधून त्याला नावेत चढवत होते.